पुंडलिकाच्या गळ्याशी आलं

पुंडलिकाचा घसा धरला, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. हुबळी-धारवाड बसचा कंडक्टर तो. दिवसभर "मुंद होग्री, पुढं सरका" ओरडणाऱ्याचा घसा बसायचाच. आई सरूबाईंनी हळदीचं दूध दिलं. पण ताप हटेना, मान दोन्ही बाजूंनी सुजली, आणि एका बसमध्ये दोन बसची माणसं कोंबणारा हा गडी तांब्या उचलतानाही दमायला लागला. आवाज तर पारच गेला. शेवटी बायको, शकुंतला, त्याला हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टर तरुण, हुशार आणि मोठ्या आवाजाचे होते. रक्त तपासून ते जवळजवळ आनंदानंच म्हणाले, "मोनोन्यूक्लिओसिस! अहो, हा कॉलेजातल्या पोरांचा आजार. मोठ्या माणसाला झाला की पार लोळवतो. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीय, जड उचलायचं नाही. औषध एकच, विश्रांती."

"पण झाला कशानं?" शकुंतलेनं विचारलं.

"थुंकीतनं. परदेशात याला चुंबनाचा आजार म्हणतात." तिचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, समजलं नसावं. म्हणून मुका दिल्यानं होतो, हे त्यांनी कन्नडमध्येही सांगितलं, "मुत्त कोट्र बरतैति!"

डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडद्याबाहेर शेजारच्या हिराबाई खोकल्याचं औषध घ्यायला बसल्या होत्या. त्यांचा खोकला तिथल्या तिथं थांबला.

खरं तर पुंडलिक उष्ट्याच्या बाबतीत भलता काटेकोर. पाणी प्यायचं ते आपल्याकडच्या रीतीनं, तांब्या वर धरून, ओठ न लावता. चहाही त्यानं तसाच पिऊन पाहिला होता. नाक भाजल्यावर तो नाद सोडला. अशा माणसाच्या तोंडात दुसऱ्याची थुंकी जाईलच कशी? गल्लीनं मात्र हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. बसमध्ये बाया काय कमी चढतात?

बातमी आळनावरला शकुंतलेच्या माहेरी पोचली आणि तिचा थोरला भाऊ परशुराम पहिल्या गाडीनं येऊन थडकला. सरूबाईंना जयभीम घातला, पण बसला नाही.

"शकू, पिशवी भर. घराकडं चल. आणि दाजी, कोण हाय ती, सांगा आधी!"

पुंडलिकानं तोंड उघडलं, पण पंक्चर ट्यूबसारखी नुसती हवा बाहेर पडली. मग त्यानं हातवारे केले. पण हात पडले कंडक्टरचे! 'जागा नाही, मागच्या बसनं या' असंच काहीतरी परशुरामला दिसलं आणि तो आणखी भडकला. शकुंतला गेली तर आपलं कसं व्हायचं, या विचारानं पुंडलिकाचे डोळे भरून आले. सरूबाईंना वाटलं, पोरानं कबुलीच दिली.

"अरं देवा! बोल की रं काहीतरी!" त्यांनी कपाळावर हात मारला.

लग्नाला दोन वर्षं झाली, पण शकुंतलेनं भावासमोर कधी नवऱ्याचं नावही घेतलं नव्हतं. ती पदर खोचून मध्ये उभी राहिली.

"अण्णा, ती मीच."

"तू? तू काय केलीस?"

"डॉक्टर म्हणाले ते."

परशुरामनं आधी छताकडं पाहिलं, मग चपलांकडं. "यंदा आमच्याकडं भात बरा हाय," तो सरूबाईंना म्हणाला आणि गुपचूप खाली बसला.

तेवढ्यात दारात वादिराज उभा राहिला. पुंडलिकाच्याच बसवरचा दुसऱ्या पाळीचा कंडक्टर. गळ्याला मफलर, मान अशीच सुजलेली.

"पुंडलिकराव, तुम्हाला पण हेच काय?" तो कसाबसा कुजबुजला. "बगा, माझी शिट्टी मोडल्यापासनं आपण दोघं एकच वाजवालोय की. डॉक्टर म्हणाले, त्यातनंच झालं असणार. आमच्या घरात तेवढं सांगू नका हं. कुणाचं उष्टं तोंडात घेतलं म्हटलं की आई डेपोत येती भांडायला."

सगळ्यांच्या माना शकुंतलेकडं वळल्या.

"मग शकू, तू कशाला..." परशुरामला पुढं बोलवेना.

"त्यांचा आवाज गेलाय न्हवं," ती खाली बघत म्हणाली. "कुणीतरी बोलायला पायजे होतं की."

पुंडलिकाला त्या क्षणी ती इतकी आवडली, की तापातसुद्धा त्याला बरं वाटलं. परशुराम चहा पिऊन, दाजींना तीनदा जपायला सांगून परत गेला.

सरूबाईंच्या मनात मात्र काहीतरी हिशेब चालला होता. मग त्यांनी सुनेला हळूच विचारलं, "म्हणजे डॉक्टर म्हणाले ते... न्हाईच व्हय अजून?"

शकुंतला लाजून चुलीकडं पळाली. घरात खोली एकच, आणि दोन वर्षं सरूबाईंचं अंथरूण दोघांच्या मधोमध पडत होतं. संध्याकाळी त्यांनी ते गुंडाळून काखेत मारलं.

"कुठं निघालासा अत्ती?" शकुंतलेनं सासूला विचारलं.

"हिराबाईकडं. आजपासनं तिकडंच झोपते."

"पण डॉक्टरांनी अजून महिनाभर लांब राहा म्हणून सांगितलंय," शकुंतला पुटपुटली.

"ऱ्हावा की लांब, मी कुठं न्हाई म्हणते?" सरूबाई उंबरा ओलांडत म्हणाल्या. "पर हिराबाई लई घोरती. मला सवय व्हायला महिना तरी लागंलच."