पाटगावकर सरांचे जोर

विद्यापीठात गणित शिकवणारा, पन्नाशी उलटलेला, पळीसारखा बारीक माणूस रोज सकाळी तालमीत जाऊन जोर काढतो, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं. पाटगावकर सर आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. एकदा विचारलंच, "सर, या वयात कुस्ती?"

"कुस्ती कुठली ओ? भूकंपाची तयारी हाय ही!"

कोयनेच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. रस्त्यानं ट्रक गेला तरी आम्ही दाराकडं धावायचो. सरांनी तर घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या उपटून काढल्या होत्या. फळीवर तांब्यांची उलटी उतरंड रचली होती, छोटा खाली, मोठा वर. जमीन हलली की ती वाजणार. एकदा मांजरानं पाडली आणि सगळी कॉलनी जेवणाच्या ताटावरून मैदानात.

वर्गात गणित अर्धवट टाकून ते ओरडायचे, "हाललं!" पोरं पळत सुटायची. "आधी माणूस, मग वह्या!" असं दारातून बजावणं चालू. एकानं चप्पल शोधली, त्याला परत आत बसवून पुन्हा पळवला.

हे सगळं ठीक, पण जोर कशाला? आम्ही आपसात म्हणायचो, खरा धक्का बसू दे, सर सगळ्यांच्या पुढं पळतील. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, अंथरुणाला खिळलेल्या. अर्धांगवायूनं पाय गेलेले, अंगानं भरभक्कम, खाट हलवायची तर चौघं लागत. त्यांचं काय करणार, हे विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

एका रविवारी दुपारी तांबे खणाणले. मांजर आमच्या ओट्यावर झोपलं होतं. हाताखालची भिंत थरथरली आणि आम्ही मुलांना घेऊन मैदान गाठलं.

"पाटगावकर सर आल्यात का?" वॉचमन ओरडला. सर कुठंच नव्हते. जमीन थांबून थांबून हलत होती. "जाऊ नका," बायकोनं माझा सदरा धरला. तो सोडवून मी धावलो. दार नुसतं ढकललं.

काकू खाटेवर होत्या. त्यांच्यावर, दोन्ही तळवे आणि चवडे गादीत रोवून, सर जोराच्या पवित्र्यात ताठ. पाठीवर छताचा गिलावा पडला होता आणि हात लटलट कापत होते.

"सर, थांबलंय. उतरा."

"नक्की?"

"अहो, उतरा की आता," काकू रडत म्हणाल्या, "किती वेळ धरणार?"

सर खाली बसले. "मला उचलत न्हाई ओ ती," एवढंच बोलले. मला आम्ही सगळ्यांनी केलेल्या थट्टेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीतल्या तिघांना घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. "सर, खाट बाहेर काढायचा सराव करू या."

सरांनी आमच्याकडं पाहिलं. आत तोंड करून म्हणाले, "अगं, चौघं आल्यात तुला न्यायला."

"चौघं?" आतून आवाज आला. "जित्ती हाय की मी अजून!"

सर मोठ्यानं हसले, आणि हसता हसता उंबऱ्यावर बसून पंच्यात तोंड घालून रडायला लागले.