डॉक्टर नबीह यांनी घातलेली मागणी

ऐन मागणीच्या दिवशी कुतैबाच्या थोरल्या काकांचा घसा बसला. आदल्या दिवशी फुटबॉलचा सामना बघताना ते टीव्हीसमोर ओरडले होते, आणि आता त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. खरं तर दीमाच्या बापाचा होकार कधीच आला होता. राहिली होती फक्त रीत. मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं समोरच्या कॉफीला हात न लावता मुलीला मागणी घालायची, बापानं "कॉफी घ्या" म्हणायचं, की सोयरीक पक्की.

"तुझे डॉक्टर आहेत ना," कुतैबाची आई म्हणाली. "विद्यापीठातला माणूस. चारचौघांत वजन पडतं."

कुतैबाला नेमकं हेच नको होतं. डॉक्टर नबीह संशोधनाचं इंग्रजी शिकवत, आणि ठाम बोलणं हा त्यांच्या लेखी अडाणीपणा होता. कुतैबानं प्रबंधात 'ऑलिव्हचे भाव पडले' लिहिलं की लाल शाईनं 'पडले असावेत असे सूचित होते' व्हायचं. 'प्रूव्ह' हा शब्द तर त्यांना शिवीसारखा लागे. पण त्यांच्या सहीवाचून प्रबंध जागचा हलणार नव्हता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी अबू ताहिर यांचा दिवाणखाना दोन्हीकडच्या पुरुषांनी भरला. दीमाचे वडील अबू ताहिर जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातले फरश्यांचे व्यापारी, सरळ बोलणारे. कॉफी आली. डॉक्टरांनी कप समोर ठेवला आणि घसा खाकरला.

"उपलब्ध माहितीवरून असं दिसतं, की कुतैबा आणि दीमा यांच्या विवाहाची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही."

वाक्य अजून यायचंय असं वाटून अबू ताहिर थांबले. ते आलंच नाही.

"म्हणजे मागताय ना मुलगी?"

"मागणीकडे कल आहे, असं म्हणता येईल."

"कल कोणाचा?"

"तो स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे."

काका जिवाच्या आकांतानं हातवारे करू लागले. त्यांना ठसका लागला असं समजून कोणीतरी पाणी पाजलं.

"शिवाय मर्यादाही सांगायला हव्यात," डॉक्टर आता रंगात आले. "मी मुलाला फक्त विभागात पाहिलंय. तो घरीही असाच वागेल, असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. चांगला वागतो तेही कदाचित माझ्या सहीसाठी असेल."

"आणि माझ्या मुलीबद्दल? तिच्याबद्दलही शंका आहे का काही?"

"शंका हाच तर ज्ञानाचा पाया—"

"ताहिर," अबू ताहिर आपल्या मुलाला म्हणाले, "कॉफी आत ने."

आतल्या दारामागची बायकांची कुजबूज एकदम थांबली. न प्यालेली कॉफी आत गेली म्हणजे लग्न मोडलं. ताहिर तबक घेऊन उठला. अशा बैठकीत नवऱ्या मुलानं तोंड उघडायचं नसतं, त्यातून डॉक्टरांना खोडून काढायचं म्हणजे प्रबंधावर पाणी सोडायचं. कुतैबानं डॉक्टरांकडे पाहिलं, मग त्या दाराकडे पाहिलं आणि तो अबू ताहिरसमोर उभा राहिला.

"मला दीमाशीच लग्न करायचंय. नक्की. पुरावा काही नाही माझ्याकडे."

अबू ताहिरनी खुणेनं ताहिरला खाली बसवलं. मग डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टरसाहेब, एवढंच बोलायचं होतं. घ्या कॉफी."

आत बायकांनी आनंदानं एकच गलका केला. काकांनी तर कुतैबाला मिठीच मारली. सगळ्यांनी कप उचलले. डॉक्टरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कशी झालीय?" अबू ताहिरनी विचारलं.

"थंड आहे."

इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या तोंडून इतकं ठाम वाक्य कुतैबानं ऐकलं नव्हतं. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "थंड असावी असं सूचित होतं, डॉक्टर."

अबू ताहिरचा कप ओठांपाशीच थांबला. ते मुलाच्या कानाशी वाकले.

"ताहिर, कोणाचा कप अजून भरलेला असेल तर बघ. उचल आणि आत ने आधी."