आधीचा भाग

नातीच्या त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, हे खरं. पण दिलं नव्हतं म्हणजे द्यायचं नव्हतं, असं मुळीच नाही.

नात दूरच्या शहरात यंत्रांना भाषा शिकवण्याचं संशोधन करायची. पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा तिने तो आजोबांना टपालाने पाठवला आणि सोबत लिहिलं, 'मला वाचायला तुम्ही शिकवलंत. हे कसं वाटलं, तेही तुम्हीच सांगा. अडलंच तर इंटरनेटवर फुकट व्हिडिओ आहेत.'

अडलं ते शीर्षकापाशीच. तरी निवृत्त ग्रंथपालांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, की आठवड्याभरात सगळं समजून घेतो आणि मगच लिहितो.

व्हिडिओ सापडला. समजावणारी बाईही गोड बोलत होती. पण तो निघाला चौदावा भाग, आणि पहिला खंड वाचल्याशिवाय दुसरा हातात द्यायचा नाही, हा तर ग्रंथपालांचा जन्मभराचा नेम! ते पहिल्या भागाकडे गेले. तिथे बाई म्हणाल्या, सदिशांचं गणित तुम्हाला येत असेलच. येत नव्हतं. ते शिकवणाऱ्या गृहस्थांनी बीजगणिताकडे पिटाळलं, बीजगणिताच्या मास्तरांनी उणे संख्यांकडे. संशोधन रोज पुढे धावत होतं आणि ग्रंथपाल तितक्याच नेटाने मागे चालले होते. गंमत म्हणजे त्यांना गोडी लागली. शून्याच्या खालीही आकडे राहतात, तळघरात राहावं तसे, हे शाळेत त्यांना कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं.

असे काही महिने गेले. एका दुपारी बायको चहा घेऊन आली, तर पडद्यावर एक ससा कलिंगड कापत होता आणि नवरा सशाला अदबीने सांगत होता, "तीन अष्टमांश."

तिने दार हळूच लोटलं आणि मुलाला फोन केला, की तुझ्या बाबांचं काही खरं नाही.

मुलगा ऑफिसातून थेट डॉक्टरांना घेऊनच आला. लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात डॉक्टरांनी आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. ग्रंथपालांना परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न आल्यासारखं झालं. घसरगुंडीवरून यावं तसे ते दोनापर्यंत आले. डॉक्टर म्हणाले, पुरे.

"पुरे कसं? उणे पाच. उणे बारा. उणे एकोणीस..."

डॉक्टरांनी बॅग आवरली. "यांना काही झालेलं नाही," ते मुलाला म्हणाले. "फक्त थांबवा."

डॉक्टर गेल्यावर हे सगळं कशासाठी, असं मुलाने विचारलं. ग्रंथपालांनी चाचरत पत्राची हकिगत सांगितली.

"बाबा, तिला वाटतंय तुम्ही रागावलात. पुस्तकं सोडून यंत्रांच्या नादी लागली म्हणून. आता तर ती विचारायचीही थांबली."

ग्रंथपालांनी लगेच कागद ओढला. 'तुझा निबंध मला कळला नाही. कळल्यावर लिहू म्हणून थांबलो, तो अपूर्णांकांपर्यंत येऊन पोचलो. राग कसला, फार मजा येते आहे. इथून पुढचं तू शिकवशील का?'

टपालपेटीपाशी मात्र त्यांचा हात अडखळला.

"त्या व्हिडिओवाल्या बाईंचा आज आणखी एक नवा भाग आलाय म्हणे," ते बायकोला म्हणाले. "तेवढ्यात काही बदललं असेल तर?"

"कशात? अपूर्णांकांत?" असं म्हणून तिने त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि पेटीत टाकलं.