गिलक्यांचे मंगलाष्टक

ब्राह्मणपुरीच्या हिंमतराव गुरुजींनी सुरतेस फोन लावून कन्येस अभिवचन दिले, "रुचिका, यंदा गिलक्यांवर औषधाचा थेंबही पडणार नाही. साक्षात इंद्र कीटकरूपाने आला, तरी त्यास प्रवेश नाही!"

"खरंच बाबा? मग गिलकी धरली, की बाळाला घेऊन येते."

संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, पत्नी गेल्यापासून तीन वर्षे एकटेच जेवत होते. फवारलेल्या भाजीने नातवाचे पोट बिघडते, हे कन्येचे न येण्याचे नित्याचे कारण. ते कारणच आता निर्मूल होणार होते!

गिलक्यांच्या, म्हणजे घोसाळ्यांच्या, वेलांवर पांढरीशुभ्र बारीक जाळी चढली, तिच्या कडा मातीत पुरल्या गेल्या. आत शिरताना गुरुजी धोतर असे झटकत, जणू देवघरातच पाऊल ठेवायचे आहे! किडा औषधालाही उरला नाही. वेल पिवळ्या फुलांनी लवले. पंधरवडा लोटला. गिलके मात्र एकही नाही!

"बाबा, धरली का?"

"पुष्पवैभव अवर्णनीय आहे!" असत्य न बोलता एवढेच सांगता येत होते.

अखेर शेजारच्या शेतात निंदणीस आलेल्या फुलवंताबाईंना त्यांनी विचारले. बाई खुरपे टाकून हसल्या.

"गुरुजी, मधमाश्यासले बी बाहेरच ठेवं का तुम्ही? मंग यासनं लगीन कोन लावी? भटजीलेच दारवरथून काढी दिधं ना!"

"लग्न? कोणाचे?"

"ज्या फूलना मांगे बारीक गिलकं शे, ती नवरी. बाकीना नवरदेव!"

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "पौरोहित्य मी करीन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते नरफूल खुडून मादीफुलास लावू लागले. परंतु मंत्राविना विवाह कसा लावावा? प्रत्येक जोडप्यासाठी खणखणीत मंगलाष्टक, आणि शेवटी "शुभमंगल सावधान!"

रस्त्याने जाणाऱ्यांस पांढरा मांडव दिसला, मंगलाष्टक ऐकू आले. दुपारपर्यंत गावात झाले, "गुरुजीना मळामा लगीन शे!" सायंकाळी शहाद्याच्या बसस्थानकावर, "गुरुजी लगीन करी ऱ्हायनात!" तिसऱ्या दिवशी वार्ता सुरतेस पोहोचली.

चौथ्या दिवशी रुचिका बाळास कडेवर घेऊन थेट मळ्यात उभी! पित्यापुढे आजन्म शुद्ध मराठी बोललेली ती कन्या कडाडली, "बाबा, कोन शे ती?"

"कोण?"

"नवरी!"

"एक का, बाळ? आज सतरा होत्या."

रुचिका जाळीत डोकावून नवऱ्या शोधू लागली. फुलवंताबाईंनी सारा उलगडा केला, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. गिलकी अद्याप करंगळीएवढीच होती. नातवाने आजोबांची मिशी दोनदा ओढली. गुरुजींनी ती तिसऱ्यांदा आपणहून पुढे केली.

"केवढी घाबरले होते मी! आता निश्चिंतपणे जाते," रुचिका म्हणाली. "गिलकी मोठी झाली, की कोणाबरोबर तरी पाठवून द्या हं."

चारच्या बसने ती गेली.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी गुरुजी जाळीत शिरले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी शेजारच्या कळसाडी गावापर्यंत पोहोचेल असा स्वर लावला.

फुलवंताबाई बांधावरून डोकावल्या. "गुरुजी, आज ते एक बी नवरी उमलेल नही!"

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी पुढचे कडवे अधिक उंच स्वरात सुरू केले.