चिवड्याला कळणारा आग्रह

सुवर्णाबाई पाहुण्यांना "अहो, जेवूनच जा ना" म्हणाल्या, की त्यांचा कुत्रा चिवडा उठून दाराशी जाई आणि पाहुण्यांच्या चपला तोंडात धरून त्यांच्यासमोर आणून ठेवी. शब्दांशी त्याला देणंघेणं नव्हतं. बाईंचा आवाज तसा गोड लांबला, की पाहुणे उठतात, दार उघडतं आणि आपल्याला फाटकापर्यंत जायला मिळतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं. नवऱ्याला, गोरक्षरावांना, त्या "जेवायला चला" म्हणत, तेव्हा तो कानही हलवत नसे.

आज मात्र सटाण्याहून कुसाबाई येणार होत्या. त्यांच्या मुलाला, ललितला, आणि इथल्या लेकीला, आशाला, एकमेकं पसंत होती. अडलं होतं ते कुसाबाईंच्या होकारावर. चिवड्याला कोंडावं, तर तो भुंकून गल्ली गोळा करी. आज आग्रह केलाच नाही तर, असं गोरक्षरावांनी भीतभीत सुचवून पाहिलं.

"आणि त्यांना काय वाटेल?" सुवर्णाबाई म्हणाल्या.

कुसाबाई येऊन बसल्यावर गोरक्षरावांनी हळूच त्यांच्या चपला कपाटावर ठेवल्या.

बोलणी छान झाली. कुसाबाई निघायचं म्हणाल्या आणि सुवर्णाबाईंच्या तोंडून सवयीनं ते गेलंच. चिवडा दाराशी गेला, हुंगत परत आला आणि कपाटाकडे बघून भुंकत राहिला.

"माझ्या चपला वर कशा गेल्या?" कुसाबाईंनी विचारलं.

गोरक्षरावांना खोटं सुचेना. स्टुलावर चढून त्यांनी चपला काढल्या आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"कुत्रं हुशार शे तुमनं," कुसाबाई म्हणाल्या. "म्हणजे जेवण नाहीच म्हणा."

"आहे. वांग्याचं भरीत आहे," गोरक्षराव पुटपुटले. "भाकऱ्या कमी पडतील, पण टाकता येतील. थांबलात तर बरं वाटेल."

चिवड्यानं जांभई दिली आणि तो त्या चपलांवरच आडवा झाला. कुसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या पाटावर बसल्या.

भरीत त्यांनी दोनदा मागून घेतलं. हात धुऊन त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आता तुम्ही सगळे सटाण्याला या. चांगले चार दिवस राहायलाच या ना."

चिवडा उठला. गोरक्षरावांच्या चपला आणून त्यानं त्यांच्यासमोर नीट मांडल्या.

कोणी कोणाकडे बघेना. आशा तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"भाऊ," शेवटी कुसाबाईच पदर सावरत म्हणाल्या, "दोन्ही घरं सारखीच. सुपारी फोडा."