निळ्या गाडीची एकच फेरी

रविवारी सकाळी पावणेसात वाजता चंद्रमौळींची गाडी त्यांच्या स्वतःच्याच फाटकात पोटावर टेकली. गाडीत चंद्रमौळी होते.

"काका, आता ही पुढं बी जाईना नि मागं बी येईना," मागून ढकलणारे रविकांत म्हणाले. रविकांत वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, रेल्वेत नोकरीला, मूळचे कऱ्हाडचे. "चारी चाकं अधांतरी. नुसता तराजू झालाय."

"म्हणजे माझें कांही चुकलें का?" चंद्रमौळींनी हेल्मेटच्या आतून विचारलं.

हा प्रश्न ते दिवसातून दहा-वीस वेळा तरी विचारत. संरक्षण खात्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी आवळलेले बोल्ट तपासून त्यांना एकच गोष्ट पटली होती, की चूक कुठेतरी असतेच आणि ती बहुधा आपली असते. त्यांचं घराणं तंजावरचं. घरात बोलायची मराठी तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेली आणि तशीच राहिलेली. ती ऐकताना कोणी बखर मोठ्यानं वाचतंय असं रविकांतना वाटे.

गाडी मात्र बखरीतली नव्हती. लांब नाक, रुंद खांदे, गर्द निळा रंग आणि नाकापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे. साठ-सत्तर सालच्या सुमारास अमेरिकेत अशा दांडग्या गाड्या होत असत. ही त्यांतल्या एकीची नक्कल, वेलचेरीतल्या घरामागच्या शेडमध्ये सात वर्षं खपून केलेली. सांगाडा लोखंडी नळ्या वेल्ड करून, अंग फायबरचं, आठ सिलिंडरचं इंजिन मोडीत निघालेल्या एका मोटारबोटीचं, आणि उरलेलं सगळं पुदुपेट्टेच्या भंगार गल्ल्यांतून पिशवी पिशवीनं आणलेलं. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नव्हती. ती फक्त श्रीपेरुंबुदूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळणार होती, आणि तीही फक्त आज. कारण ट्रॅक फक्त रविवारी उघडा असे, मोटार क्लबच्या नियमाप्रमाणे सत्तरी गाठलेल्या माणसाला ट्रॅकवर सोडत नसत, आणि चंद्रमौळींची सत्तरी येत्या बुधवारी होती.

बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून शोलावरमला नेलं होतं. तिथल्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. एक निळी गाडी समोरून गेली. गेली म्हणजे चंद्रमौळींच्या छातीतूनच गेली. पुढे शाळा झाली, नोकरी झाली, लग्न झालं, मुली सासरी गेल्या. स्कूटर त्यांनी आयुष्यात कधी चाळीसच्या वर नेली नाही. पण डोळे मिटले की ती निळी गाडी अजून धावपट्टीच्या टोकाला वळत असे, आणि वळणाच्या पलीकडे काय झालं हे त्यांना कधीच दिसत नसे. पुढे बसलेल्या माणसाची टोपी आडवी आली होती.

अशा माणसानं फाटक मोजलं नसेल असं कोणी म्हणू नये. फाटक मोजलं होतं. गाडीची रुंदी मोजली होती, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडली होती. जमिनीपासून पोटाची उंची मोजली होती. वहीत चौऱ्याहत्तर पायऱ्यांची यादी होती. मोजायचा राहिला होता फक्त रस्ता, कारण रस्ता वाढतो हे कोणाच्या ध्यानात येतं? गुरुवारी चंद्रमौळी आणि त्यांची बायको कृष्णवेणी कुंभकोणमला लग्नाला गेली. शनिवारी दुपारी परतली तेव्हा, देवळाचा उत्सव जवळ आला म्हणून, गल्लीत जुन्या डांबरावर नव्या डांबराचा जाडजूड थर पडला होता. ऑटोतून उतरताना चंद्रमौळींना वाटलं, पूर्वी आपण घरात चढत होतो, आज उतरतोय. पण हे आपल्या गुडघ्यांमुळे असेल असं समजून ते आत गेले.

रविकांतची स्कूटर बाहेर निघावी म्हणून संध्याकाळी गवंड्यानं फाटकात सिमेंटचा उतार करून दिला होता. त्याच उताराच्या माथ्यावर आता निळी गाडी पोट टेकून डुलत होती.

"दार उघडून बाहेर या आधी."

"दार उघडत नाही. दोन्हीकडे चार-चार बोटें सोडलीं ना!"

"मग हे पट्टे कशाला बांधलेत? हेल्मेट कशाला घातलंय? तीनशे फूट ढकलतच न्यायची होती ना, कोपऱ्यावरच्या लॉरीपर्यंत?"

"वहींत तसें लिहिलें आहे. पायरी एकोणीस."

लॉरी देवळाच्या कोपऱ्यावर उभी होती. नवं डांबर ओलं, म्हणून तिला गल्लीत शिरायला मनाई. साडेआठपर्यंत गाडी चढली नाही तर लॉरीवाला दुसऱ्या कामाला जाणार होता. ट्रॅकवरची तपासणी सव्वानऊला बंद होणार होती, आणि तिथे पोचायला तास तरी हवा. रविकांतनी पुढच्या बाजूला जॅक लावला. जॅक वर जायच्याऐवजी डांबरात खाली गेला, आणि गेला तो परत दिसला नाही.

"इंजिन सुरू करा! मी मागं लोंबकळतो. चाकं टेकली की सुटेल."

चंद्रमौळींनी इंजिन सुरू केलं. आठ सिलिंडरांनी एकदम तोंड उघडलं. समोरच्या गच्चीवरचे कावळे उडाले, रविकांत डिकीला लोंबकळले, एक चाक जेमतेम टेकलं आणि त्यानं उतारावरचं सगळं कच्चं सिमेंट उकरून रविकांतच्या पांढऱ्या बनियनवर फेकलं. गाडी बोटभरही हलली नाही. उलट उकरल्यामुळे आणखी बसली.

"माझेंच चुकलें," चंद्रमौळी म्हणाले.

आवाज ऐकून कृष्णवेणी हातातला काप्पीचा पेला घेऊन बाहेर आल्या. सात वर्षांत त्या या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. "त्या भुताला हात लावणार नाही," असं त्यांनी पहिल्याच वेल्डिंगच्या ठिणगीला सांगून ठेवलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, खिडकीतून दिसणाऱ्या हेल्मेटकडे पाहिलं. काचेच्या आत दोन डोळे होते. ते डोळे काय मागताहेत हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारानंतर वेगळं विचारावं लागलं नाही.

"सरी, बरें," त्या म्हणाल्या. "एळुमलैला बोलावतें."

एळुमलै हा देवळातल्या पेरुमाळाची पालखी वाहणाऱ्यांचा मुकादम. आज उत्सवाचा पहिला दिवस, नऊ वाजता स्वारी निघायची होती, आणि त्याची चोवीस माणसं कोपऱ्यावर चहा पीत बसली होती. कृष्णवेणी दर शनिवारी त्या सगळ्यांना पोंगल खाऊ घालत. एळुमलै आला, गाडीभोवती हिंडला, वाकून पोटाखाली पाहिलं.

"भार किती, अम्मा?"

"साडेनऊशे किलो," आतून चंद्रमौळी म्हणाले. "पायरी बाराला वजन केलें होतें."

"देवाचं वाहन, आमचा गरुड, यापेक्षा जड आहे, आणि तो तर हेल्मेटसुद्धा घालत नाही," एळुमलै तमिळमध्ये म्हणाला आणि शिटी वाजवली.

चपला निघाल्या. पालखीचे लांब दांडे आले. नारळ फुटला. नाकाकडून आणि शेपटीकडून माणसांनी गाडी वीतभर उचलली, पोटाखालून दांडे सरकवले, दोर बांधले. तेवढ्यात कृष्णवेणी एळुमलैला बाजूला घेऊन कानात काहीतरी बोलल्या. त्यानं एकदा देवळाकडे, एकदा गाडीकडे पाहून मान डोलावली.

"गोविंदा!"

चोवीस खांदे एकदम उठले आणि निळी गाडी फाटकातून अलगद बाहेर निघून रस्त्यापासून पाच फुटांवर तरंगू लागली. दांडे खांद्यावर गेले की नादस्वरम वाजायचं, हे नादस्वरमवाल्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं चहाचा ग्लास ठेवला आणि स्वारीची चाल सुरू केली. मागून ढोल वाजू लागला.

लॉरी डावीकडे होती. स्वारी उजवीकडे वळली.

"एळुमलै! डावीकडे! लॉरी डावीकडे आहे!"

"खांद्यावर घेतलेलं उजवीकडूनच जातं, सार्. देवळाभोवतीच्या चार वीथी फिरताना कोपऱ्यावर येणारच की."

पहिल्या वीथीत बायका पाण्याचे सडे घालत होत्या. नादस्वरम ऐकून त्यांनी घाईघाईनं कापूर पेटवला आणि तबकं घेऊन दारात आल्या. पालखी दर दारापुढे थांबते, ही प्रथा. गाडीही दर दारापुढे थांबली. एका म्हाताऱ्या मामींना नीट दिसत नव्हतं. त्यांनी निळा रंग पाहिला, आत बसलेली गोल डोक्याची मूर्ती पाहिली आणि हात जोडून म्हणाल्या, "यंदा पेरुमाळाला अलंकार नवाच केलाय!"

चंद्रमौळींना आयुष्यात कोणी ओवाळलं नव्हतं, लग्नातलं सोडलं तर. काय करावं ते न कळून त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

दुसऱ्या वीथीत साडेसात वाजले. देवळाचं सगळं बघणारे सेतुमाधव धोतराचा सोगा हातात धरून धावत आले. "अहो राव! पेरुमाळ अजून गाभाऱ्यात आहेत आणि तुमची स्वारी आधी निघाली! माझी माणसं आहेत ती!"

"सेतुमाधव, मी स्वतःहून नाही हो निघालों! कोणी मला खाली ठेवील का, येवढें विचारा!"

तिसऱ्या वीथीच्या शेवटी लॉरी दिसली. आठ वाजून पाच मिनिटं. लॉरीची पाठ बरोबर खांद्याच्या उंचीवर होती. नुसतं सरकवायचं बाकी. "इथें! इथेंच!" चंद्रमौळी खिडकीतून हात काढून ओरडले.

"मध्येच उतरवायचं नाही, सार्. अर्धी प्रदक्षिणा टाकली तर माझ्या माणसांना दोष लागेल."

लॉरीवाला खाली उतरला, चपला काढून त्यानं भक्तिभावानं हात जोडले, आणि स्वारी समोरून गेली. चंद्रमौळी मागे वळून पाहत राहिले. पण पट्टे बांधलेल्या माणसाला फार मागे वळता येत नाही. साडेआठला मागे कुठेतरी लॉरी सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि हात आत घेतला.

जिथून निघाली तिथेच स्वारी परत आली. देवाचं वाहन कधी जमिनीवर ठेवायचं नसतं, म्हणून एळुमलैच्या माणसांनी गाडी शेडमध्ये नेऊन चार लाकडी घोड्यांवर बसवली. चाकं अधांतरी, जशी सकाळी होती तशीच.

"नियम देवाला असतो रे!" सेतुमाधव एळुमलैवर ओरडले. "मोटारीला कसली प्रदक्षिणा? डावीकडे तीनशे फुटांवर लॉरी होती!"

एळुमलैनं मान खाली घातली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कृष्णवेणींकडे पाहिलं. मग सगळे खऱ्या स्वारीसाठी देवळाकडे पळाले. बनियन बदलायला रविकांत वर गेले.

सव्वानऊनंतर क्लबमधून फोन आला. "सर, आपण आला नाहीत. तपासणी बंद झाली. काय कारण लिहू? मिरवणुकीत अडकलात?"

"नाही," चंद्रमौळी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "मिरवणूक माझीच होती."

फोन ठेवून ते गाडीतच बसून राहिले. पट्टेही सोडले नाहीत. दाराशी कृष्णवेणी उभ्या होत्या.

"तूंच सांगितलेंस एळुमलैला?"

"नवस केला होता," त्या म्हणाल्या. "हे ट्रॅकावरून सुखरूप आले तर गाडीसकट चार वीथी फिरवीन म्हणून. आज माणसें आयतीं खांदा द्यायला आलीं. म्हटलें, आधीच फेडून टाकूं. म्हणजे पेरुमाळ बांधला जाईल, तुम्हांला जपेल." त्यांचा आवाज बारीक झाला. "दहा मिनिटांत होईल वाटलें हो. दर दारापुढे थांबतील हें ध्यानांतच आलें नाही. चुकलेंच माझें."

ते वाक्य त्या घरात आजवर फक्त चंद्रमौळी बोलत आले होते. दुसऱ्याच्या तोंडी ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते स्टीअरिंगकडे पाहत म्हणाले, "नाही ग. मला सकाळपासून भय वाटतच होतें. कदाचित मी फाटकांतूनच परतलों असतों. कोणास ठाऊक."

कृष्णवेणींनी पदर खोचला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्या भुतात बसल्या. "हे पट्टे कसे बांधायचे?"

"कशाला?"

"बांधा म्हटलें. आणि चालवा."

चाकं जमिनीला टेकत नव्हती. चंद्रमौळींनी इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला, दुसरा, तिसरा. आयुष्यात प्रथमच काटा चाळीसच्या पुढे सरकला. साठ. नव्वद. मागची चाकं हवेत गरगरत होती, शेडचे पत्रे थरथरत होते, खिळ्याला टांगलेली वही फडफडून पायरी एकाहत्तरवर उघडली. चंद्रमौळींनी डोळे मिटले. धावपट्टी समोर आली, तिचं टोक जवळ आलं. या वेळी कोणाची टोपी आडवी नव्हती.

"एकशेदहा," कृष्णवेणी काटा वाचत होत्या. एक हात डॅशबोर्डवर, एक हात नवऱ्याच्या दंडावर. "एकशेवीस. अय्यो, हळू! पुढें वळण आहे ना?"

"आलेंच," ते म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते, आणि हात स्टीअरिंग वळवत होते.

बाहेर नादस्वरम जवळ आलं. खरी स्वारी निघाली होती आणि प्रथेप्रमाणे त्यांच्या फाटकापुढे थांबली होती. चोवीस खांद्यांवर पेरुमाळ शेडकडे तोंड करून उभे होते. सेतुमाधव कापराचं तबक घेऊन आत धावले आणि इंजिनच्या वर आवाज काढून ओरडले, "मामी! बंद करा ते! दारात देव आलाय!"

कृष्णवेणींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांबायला सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "ह्यांचें वळण चाललें आहे."