भिंतीला नाक लावणारे हिवराळे काका

हिवराळे काका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग भिंतीला नाक लावतात आणि त्यानंतर घरच्या माणसांकडे बघतात. ओळखीचे लोक आता त्यावर काही बोलत नाहीत. नवीन माणूस मात्र बावचळतो.

एकदा ते पुतण्यासाठी मुलगी बघायला पाचोडला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, नाव-शिक्षण विचारून झालं. तेवढ्यात काका उठले आणि बैठकीच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभे राहिले. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. काकांनी वळून निकाल दिला, "पोरगी लई चांगलीये. पोहे पन चांगले. ही भिंत मात्र रिजेक्ट." लग्न झालं, संसारही छान चाललाय. व्याही अजून काकांशी तुटक बोलतात, पण लग्नाआधी त्यांनी भिंत नीट करून घेतली हेही खरं.

आम्ही बजाजनगरात रो-हाऊसमध्ये राहतो. आमचं आणि हिवराळे काकांचं घर शेजारी शेजारी खेटून बसलंय, मधली भिंत सामाईक. तिच्या अलीकडे माझं स्वयंपाकघर, पलीकडे त्यांची झोपायची खोली. भिंत इतकी पातळ की मी फोडणी दिली की काका तिकडून शिंकतात.

काका वाळूजच्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. जन्मभर लोखंडी पीस हातात घेऊन एकच ठरवायचं, पास की रिजेक्ट. कंपनी सुटली, सवय सुटली नाही. मेथीची जुडी रिजेक्ट, नव्या नगरसेवकाचं भाषण रिजेक्ट, माझा उपमा एकदा पास आणि दोनदा रिजेक्ट. कंपनीत त्यांना शिकवलं होतं म्हणे, की बिघाड सापडला की 'का' असं पुन्हा पुन्हा विचारत जायचं, शेवटी मूळ हाती लागतं. काकांनी हे तत्त्व आपल्या बोलीत आणलं. त्यांच्या तोंडी सतत 'कामून?' असतं. दूधवाला उशिरा आला, कामून? टायर पंक्चर झालं, कामून? खिळा रस्त्यावर पडला, कामून? दूधवाला शेवटी म्हणाला, "काका, उद्यापासून लवकर येतो, पर आता सोडा."

हा सगळा गमतीचा भाग. भिंतीचं प्रकरण मात्र गमतीचं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा संपला तरी सामाईक भिंतीची ओल संपली नाही. माझ्या बाजूला मिठाला पाणी सुटायचं आणि डब्यातल्या पापडांना लव यायची. त्यांच्या बाजूला खाटेमागे काळी बुरशी चढली. ती खाट शांताबाईंची, म्हणजे काकूंची. त्यांना मुळात दमा. रोज पहाटे त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा, आणि तो थांबेपर्यंत मलाही गॅस पेटवावासा वाटायचा नाही. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, ही बुरशी छातीत जाते, भिंत वाळेपर्यंत बाईंना या घरात ठेवू नका. काकू जालन्याला मुलीकडे निघाल्या. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "आता भिंतीसंगं भांडा. पर चौदा एप्रिलच्या जयंतीला मला माझ्या घरी यायचंय, सांगून ठेवते." काकांनी मान हलवली. रिक्षा वळली तरी ते तिथंच उभे होते.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत ओल काढणाऱ्यांची रांग लागली.

पहिला आला तो चकचकीत बुटातला. हातात छोटं यंत्र. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या की ते पीं पीं करायचं. "बघा सर, हंड्रेड पर्सेंट मॉइश्चर. आमचं केमिकल मारलं की दहा वर्षं गॅरंटी."

काका म्हणाले, "मीटर कॅलिब्रेट कधी केलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते खरं बोलतंय, हे तुला कुणी सांगितलं?"

काकांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि लोखंडी कपाटाला लावलं. पीं पीं. आमचे हे सेकंड शिफ्टला निघाले होते, त्यांच्या तळहाताला लावलं. पीं पीं. "आता बोल. कपाटात पानी मुरलंय का या साहेबात?" चकचकीत बूट चहा न पिता गेले.

दुसरा रंगवाला होता. गोड बोलायचा. त्याचं म्हणणं, ओल-बिल काही नाही, रंग चुकलाय. त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली आणि वर फिकट निळा वॉटरप्रूफ रंग मारला. भिंत अशी देखणी झाली की काकांनी जालन्याला व्हिडिओ कॉल लावून काकूंना ती दाखवली. काकू म्हणाल्या, "दिसायला तर बरीये. वास कसाय?" दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले, फोड फुटून पोपडे पडले, आणि आतून पांढरी पूड झडायला लागली. काकांनी रंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, भिंतीलाच प्रॉब्लेम आहे." काका म्हणाले, "त्यासाठीच तर तुला बोलावलं होतं ना बाबा!" नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

तिसरा रफिक मिस्त्री. दणकट, बडबड्या, आणि काकांना न घाबरणारा पहिला माणूस. त्याचं काम गच्चीवर सिमेंटचा कोबा करण्याचं, त्यामुळे त्याला जिथे तिथे गच्चीच गळताना दिसायची. ज्याच्याकडे जे औषध, त्याला तोच रोग सापडतो. "चाचा, पानी छत से उतर रहा. कोबा मारतूं, बात खतम."

"आधी टेस्ट," काका म्हणाले. "गच्चीत पानी भरायचं. गळलं तर तुझं काम. नाय गळलं तर घरी जा."

आता आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही मनात आलं तर. आणि हा माणूस गच्चीत पाणी साठवणार! काकांनी टँकर बोलावला. पाइप वर चढवला, गच्चीची तोटी चिंध्यांनी बुजवली, आणि पाणी घोट्यापर्यंत साचलं. सगळी गल्ली वर बघत उभी. कुणीतरी म्हणालं, निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं. दोन दिवस काका गच्चीवर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसले. खाली छताला एक थेंब आला नाही.

रफिकचा चेहरा पडला. "छत तो पास हो गई चाचा."

"व्हय. तू नापास."

मग प्रश्न आला त्या पाण्याचं करायचं काय. मराठवाड्यात पाणी गटारात सोडणाऱ्याला लोक माफ करत नाहीत. गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या, मीही दोन भरल्या. उरलेलं सगळं पाणी काकांनी पाइपने मागच्या अंगणातल्या त्यांच्या जमिनीखालच्या टाकीत सोडलं. ही टाकी त्यांची लाडकी. नळाचं पाणी जपायला त्यांनी ती हौसेने बांधून घेतली होती, आणि बांधताना गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून स्वतः पास केली होती. एरवी ती अर्धीच भरायची. त्या दिवशी पहिल्यांदा काठोकाठ भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात शिरले तर सामाईक भिंत खालून कमरेपर्यंत ओलीचिंब. कुणी घागर ओतावी तशी. मी हाक मारली. काका आले, नाक लावलं, बोट लावलं, मग ओट्याशी मटकन बसले.

"भिंत भिजली. कामून? पानी आलं. कामून? गच्ची तर कोरडीये. मग आलं कुठून?"

मी सहज विचारलं, "काका, काल पाणी कुठं सोडलं होतं?"

सामान न्यायला आलेला रफिक दारातच उभा होता, त्याने जीभ चावली. त्याला विचारायचं होतं बहुतेक, टाकी कुणी पास केली म्हणून. पण हा धीट माणूसही ते विचारू शकला नाही.

काका उठून मागच्या अंगणात गेले. टाकीचं झाकण काढून कितीतरी वेळ आत बघत राहिले. पाणी बरंच खाली गेलं होतं, आणि सामाईक भिंतीच्या बाजूला, वरून निम्म्याच्याही खाली उतरलेली, एक बारीक चीर दिसत होती. टाकी भिंतीच्या टोकाशी, पायाला अगदी चिकटून बांधलेली. जागा वाचवायला.

"वैनी," ते म्हणाले, "माझाच पीस रिजेक्ट."

मला तेव्हा हसू यायला हवं होतं. रफिकलाही. पण काकांचा आवाज असा होता की आम्ही दोघं टाकीतच बघत राहिलो. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि जालन्याला लावला. "शांताबाई, तुमचा दमा मीच वाढवला," एवढं सांगून ठेवून दिला. काकूंनी उलट फोन केला तो त्यांनी उचलला नाही. शेवटी काकूंनी मला केला. म्हणाल्या, "त्यांना म्हना, जेवून घ्या."

रफिकनेच टाकी रिकामी केली, चीर खोदून भरली, आतून नव्याने गिलावा केला. भिंतीचा कुजका गिलावा काढून विटा उघड्या ठेवल्या. हिवाळाभर भिंत वाळत राहिली. होळीनंतर नवा गिलावा झाला, चुना झाला. माझ्या मिठाचं पाणी थांबलं. मी पापड लाटले ते टिकले. रफिक येऊन तळहाताने भिंत थोपटायचा आणि म्हणायचा, "चाचा, एकदम सूखी. अब तो पास बोल दो." त्याला बाकी काही नको होतं, फक्त तो एक शब्द हवा होता.

काका नाक लावायचे आणि म्हणायचे, "होल्ड."

हा नवाच प्रकार होता, ना पास ना रिजेक्ट. जन्मात त्यांनी कुठली वस्तू 'होल्ड'वर ठेवलेली मी पाहिली नव्हती. जयंती जवळ आली. गल्लीत निळ्या पताका लागल्या, चौकात मंडप पडला. काकू रोज विचारायच्या, येऊ का? काका रोज म्हणायचे, जरा थांबा. रफिक चिडला. "कायकू तरसाते चाचा बेचारी को? दीवार सूखी है, अल्ला कसम!" मलाही राग आला. मी तणतणत त्यांच्या घरी गेले, सांगायला की आता पुरे झालं.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत गेले आणि तिथंच थबकले. भर एप्रिलात खिडक्या बंद, पंखा बंद. काकूंच्या खाटेवर काकांचं अंथरूण होतं, उशी अगदी भिंतीला टेकलेली. काका घामाघूम होऊन खाटेवर बसले होते.

"इथं झोपता तुम्ही?"

"त्या गेल्या तवापासून." ते सहज बोलले, ड्यूटीची वेळ सांगावी तसं. "खिडकी लावून, भिंतीकडं तोंड करून. सँपल नको का, वैनी? मीटरवर माझा भरोसा नाय. छातीत काय जातं, ते छातीनंच सांगाय पाह्यजे."

मला तो खोकला आठवला. काकू गेल्यावरही सकाळी भिंतीतून खोकला यायचाच. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, काकांनी बिडी सुरू केलेली दिसते.

"मग आता?" मी विचारलं.

"आता नाय येत खोकला. होळीपासून एकदा पन नाय."

"मग पास करा ना काका!"

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "माझी छाती दनकट हाय, वैनी. तिची नाय. टाकी बी मीच पास केली होती." मग म्हणाले, "कंपनीत पीस खराब निघाला तर दुसरा काढता येतो. इथं एकच हाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. घरी येऊन मी जालन्याला फोन लावला आणि पाहिलं ते सगळं काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "येडा मानूस."

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी रिक्षा आली. काकू पिशवी घेऊन उतरल्या, काकांकडे न बघता सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. काका दारात चौकट धरून उभे. मी त्यांच्या मागे. इतका घाबरलेला इन्स्पेक्टर मी पाहिला नव्हता.

"वास येतोय," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "कशाचा?"

"बंद खोलीचा. खिडकी उघडा की!"

खिडकी उघडली. रात्री काकू आपल्या खाटेवर झोपल्या.

सकाळी उठल्या उठल्या मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावला. पलीकडे काहीच नाही. गॅस न पेटवता मी बाहेर आले. उजाडलं होतं, चौकात लाउडस्पीकर खरखरायला लागला होता. काकूंच्या खिडकीखाली काका खुर्ची टाकून बसले होते. अंगावर शाल, डोळे तांबारलेले. दूधवाला हाक मारणार तोच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी जवळ गेले. हळूच विचारलं, "काका, पास?"

"शू," ते कुजबुजले. "झोपलीये. आधी उठू तर द्या."